मांजरीचे पिल्लू आणि वानरीचे पिल्लू

आज जरा निराळ्या विषयाला हात घालीत आहोत. विषय लेकरांचा आहे. परंतु त्याची सुरुवात वेदान्तातूनच करावी लागते, त्याला आमचा इलाज नाही. जन्मभर जी भाषा बोललो तीच तोंडात येणार.

दक्षिणेकडे श्रीरामानुजाचार्यांच्या अनुयायांत एक जुना वाद आहे. देव जीवाला तारतो तो कसा? एक पक्ष म्हणतो, वानरीच्या पिल्लासारखा. वानरी या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेते, पिल्लू तिच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट धरून असते. नेणारी आई खरी, पण पकड पिल्लाची. दुसरा पक्ष म्हणतो, छे, मांजरीच्या पिल्लासारखा. ते काहीच करत नाही. आई त्याला मानेशी दातांत धरते आणि ठेवायचे तिथे नेऊन ठेवते. पहिला तो मर्कटकिशोरन्याय, दुसरा मार्जारकिशोरन्याय. यावरून वडकलै आणि तेंगलै असे दोन पंथ झाले आणि शतकानुशतके दोन्हींकडचे मोठमोठे पंडित यावर वाद घालीत आले.

पाठशाळेत असताना गुरुजी आम्हाला सकाळी एक पक्ष मांडायला लावीत आणि संध्याकाळी दुसरा. तेव्हा तो वाद देवाचा आणि जीवाचा वाटे. आता साठी उलटल्यावर घरोघरी कीर्तनाच्या निमित्ताने जाणे होते, तिथली नातवंडे पाहतो, त्यांना वाढवणाऱ्या आईबापांची कुतरओढ पाहतो, आणि वाटते की हा वाद प्रत्येक घराच्या ओसरीवर रोज चालला आहे. मुलाला मानेला धरून सांभाळावे, की त्याला धरायला शिकवावे?

देवाच्या बाबतीत मांजरीचा पक्ष आम्हाला गोड वाटतो, हे कबूल. देव सर्वज्ञ आहे, सर्वत्र आहे. पण आईबाप सर्वज्ञही नाहीत आणि सर्वत्रही नाहीत. शाळेच्या वाटेवर नाहीत, ओढ्यापाशी नाहीत, पाहुण्यांनी भरलेल्या लग्नघरातल्या माडीवर नाहीत. जो सर्वत्र नाही त्याने मार्जारन्यायाने पोर सांभाळीन म्हणणे म्हणजे देवाचे काम अंगावर घेण्यासारखे आहे. ते निभणार कसे?

इथे कोणी कासवीचा दृष्टांत पुढे करील. आमच्या संप्रदायात तो फार लाडका. कासवी नुसत्या नजरेने पिल्ले पोसते, म्हणे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास म्हणून गाव आहे, तिथे समुद्रकासवांची अंडी जपतात. २००२ सालापासून हे काम चालले आहे. तिथे गेलेले लोक सांगतात की कासवी वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. परत काही येत नाही. पिल्ले आपली आपण वाळूतून वर येतात आणि समुद्राकडे चालू लागतात. म्हणून संतांचा दृष्टांत खोटा ठरत नाही. दृष्टांत एकदेशी असतो, हे न्यायशास्त्रातले पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल. त्यातून नजरेची माया घ्यायची. पोसण्याचा सगळा भार नजरेवर टाकून मोकळे व्हायचे नाही.

बरं, मग वानराच्या पिल्लाची पकड शिकवायची कशी? आमच्या खेड्यापाड्यांत याचे उत्तर विहिरीवर मिळत असे. पोर सहा-सात वर्षांचे झाले की काका किंवा थोरला भाऊ त्याच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधी, कमरेला दोर लावी आणि पाण्यात सोडी. पोर रडे, हातपाय मारी, नाकातोंडात पाणी जाई. चार दिवसांनी दोर सैल होई. आणखी काही दिवसांनी पोराला न सांगता डबा जरा लहान होई. मग एक दिवस डबा निघे. शिकवणाऱ्याची सगळी विद्या त्या एका दिवसाच्या निवडीत होती. आठ दिवस आधी काढला तर पोर बुडेल. कधीच काढला नाही तर पोर मोठे होऊन चार मुलांचा बाप झाले तरी पाठीला डबा राहील. आणि डबा काढला त्या दिवशीही काका काठावर बसून विडी ओढत नसे. लंगोट कसून पायरीवर उभा असे. रक्षण म्हणजे काय आणि स्वातंत्र्य म्हणजे काय, हे आम्हाला त्या पायरीवर उभ्या असलेल्या काकाइतके कोणत्या ग्रंथाने समजावले नाही.

आता विहिरी आटल्या, शहरात तर नाहीतच, आणि पुष्कळ पोरांना पोहता येत नाही. आषाढीला चंद्रभागेत उतरतात. उजनीतून पाणी सोडले की पात्र बघता बघता बदलते, वाळू उपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. स्नानाचे पुण्य सांगणाऱ्याने पाण्याची खोलीही सांगावी. शेतातल्या औषधाची बाटली पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवू नये, विस्तवाशी आणि विजेशी कसे वागावे, साप चावला तर मांत्रिकाकडे न नेता थेट सरकारी दवाखान्यात न्यावे, रस्ता कुठे ओलांडावा, एस.टी.चे तिकीट काढून उरलेले पैसे कसे मोजून घ्यावे, या गोष्टी घरोघरी ठाऊक आहेत, सांगितल्याही जातात. त्यावर अधिक लिहीत नाही. अडचण निराळ्याच ठिकाणी आहे.

अडचण आज्ञाधारकपणाची आहे.

आम्ही पोरांना शिकवतो, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये, मोठा माणूस दिसला की पाया पडावे. हे संस्कार चांगले आहेत, आम्हीही जन्मभर तेच सांगत आलो आणि सांगत राहू. पण ज्याला लेकराचे वाईट करायचे आहे, तोही वडीलधाराच असतो की नाही? तोही हेच म्हणतो, मोठ्यांचे ऐकावे बाळ. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींना विचारले. निम्म्याहून अधिकांनी सांगितले की आपल्याशी कोणत्या ना कोणत्या प्रकारे लैंगिक गैरवर्तन झाले आहे. त्यांत मुलगे मुलींहून कमी नव्हते. आणि असे करणारे पुष्कळदा ओळखीचे, विश्वासातले होते. धार्मिक मासिकात हे शब्द छापावेत का, असे काही जुन्या वाचकांना वाटेल. पण आपण ज्या घरांत हरिपाठ म्हणतो तीही घरे या देशातलीच आहेत. लिहिलेच पाहिजे.

गेल्या काही वर्षांपूर्वीची वारीतली गोष्ट. फलटणच्या मुक्कामावर एक आठ वर्षांची पोर आजीपासून सुटी पडली. एक गृहस्थ तिच्यापाशी आले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, वय आमच्याएवढे. म्हणाले, "चल गं पोरी, तुझी आजी पुढं टँकरपाशी उभी आहे, बोलावतेय तुला." पोर जागची हलली नाही. म्हणाली, "आमच्या दिंडीचा नंबर सांगा." त्यांना सांगता येईना. "मग विणेकऱ्याचं नाव सांगा." तेही येईना. गृहस्थ रागावले, "वारकऱ्याची पोर आणि माळ घातलेल्या माणसावर विश्वास नाही?" असे चार लोकांत बोलून निघून गेले. पोर एका पोलीसबाईजवळ जाऊन उभी राहिली, तासाभरात आजी सापडली.

रात्री राहुटीत चर्चा झाली. एक वयस्कर माळकरी म्हणाले, "माउलीच्या वाटेवर वारकऱ्याचा अपमान झाला. सकाळी त्यांना शोधून पोरीला पाया पडायला लावा." काहींनी माना डोलावल्या. आजी कोपऱ्यात भाकरीचे पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पाया पडायचंच असलं तर मी पडते. पोर जायची नाही."

आम्हाला विचारले तेव्हा आम्ही आजीच्या बाजूने बोललो. ते का, हे इथे सविस्तर सांगतो. ते गृहस्थ कसे होते हे शेवटपर्यंत कळले नाही. आपण धरून चालू की ते अगदी सज्जन होते, कोणीतरी चुकीचे सांगितल्यामुळे गैरसमज झाला. न्यायशास्त्रात उभयतःपाशा रज्जू म्हणतात, दोन्ही टोकांना फास असलेली दोरी. ती इथे लावून पाहा. गृहस्थ साधू असतील तर मानापमान त्यांना शिवत नाही. उलट पोर शहाणी निघाली म्हणून त्यांना आनंदच होईल, आणि क्षमेची त्यांना गरज नाही. साधू नसतील, तर क्षमा मागण्याचे कारणच नाही. कोणत्याही टोकाने धरा, पोरीने जाऊन पाया पडण्याला जागा उरत नाही. पण ते आणखी वाईट का? कारण त्या पोरीने पाया धरले असते तर तिच्या मनात एवढेच ठसले असते की विचारणे हे पाप आहे. पुढच्या वेळी तिने विचारले नसते.

पूर्वपक्षी म्हणेल, महाराज, अशाने श्रद्धा जाईल. पोरे प्रत्येकावर संशय घेतील. संशयी मनाचा नाश होतो असे गीतेतच सांगितले आहे ना? सांगितले आहे. पण परीक्षा आणि संशय एक नव्हेत. ध्रुवबाळ पाच वर्षांचा, रागाने रानात निघाला. वाटेत नारद भेटले. नारदांनी आधी त्याला परत फिरवण्याचा प्रयत्न केला, त्याचा निश्चय तपासला. मग 'मी येतो बरोबर' म्हणाले नाहीत आणि 'रानात वाघ आहेत' म्हणून घाबरवलेही नाही. मधुवनात जा, यमुनेकाठी बस, स्नान असे कर, आहार असा घे, नाम हे घे, असे सगळे नीट सांगून मगच सोडले. शास्त्रही सांगते, गुरूने शिष्याची पारख करावी तशी शिष्याने गुरूची करावी. पारख करून ठेवलेली श्रद्धा सहसा मोडत नाही.

आणि प्रल्हाद! त्याचे आख्यान आम्ही किती वेळा लावले असेल, हिशेब नाही. बाप सांगतो, गुरू सांगतात, सारा दरबार सांगतो, आणि तो लहानगा एका गोष्टीपुरते 'नाही' म्हणतो. बाकी सगळ्यांत तो आज्ञाधारक. बापाशी बोलताना त्याचा शब्द कधी उद्धट होत नाही. श्रोते डोळे पुसतात, 'धन्य धन्य' म्हणतात. तेच श्रोते घरी जातात आणि पोराने 'मला त्या मामांच्या मांडीवर नाही बसायचं' म्हटले की डोळे वटारतात, "असं बोलतात का मोठ्यांना?" आख्यान ऐकून काय ऐकले मग? लेकराचे शरीर लेकराचे आहे. त्याला आलिंगन नको असेल, मुका नको असेल, तर दुरून नमस्कार करू द्यावा. नमस्कार दुरून केला म्हणून त्याचे पुण्य उणे होत नाही.

आमच्या संप्रदायात तर याला साक्षात आधार आहे. ज्यांनी माउलींच्या पालखीसोबत चालून मुक्कामावरची समाजआरती पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सारा समाज शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही. चोप वर असला तरी वाजवत राहते. याला कोणी अवज्ञा म्हणत नाही. चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातात, तक्रार ऐकतात, निवाडा करतात, मग आरती होते. लाखोंचा समाज एका लहान दिंडीसाठी थांबतो. आपल्या घरी पोर असा टाळ वाजवू लागले तर आपण त्याच्यापाशी चालत जातो का?

आता गुपिताचे सांगतो. वाईट करणारा माणूस पोराला बहुधा एक वाक्य सांगतोच: "आईला सांगू नकोस, आपलं गुपित आहे." पुढे त्याला भय घालतो किंवा खाऊ देतो. आमच्या संप्रदायाच्या लेकराला याचे उत्तर फार सोपे आहे. इतरत्र मंत्र कानात सांगतात, गुप्त ठेवायला लावतात. तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला, माघ शुद्ध दशमीला, आणि तुकोबांनी तो सगळ्यांना सांगून टाकला. रामकृष्णहरी आज रस्त्याने मोठ्याने म्हणतात. जिथे मंत्रही उघडा आहे, तिथे लेकराने लपवून ठेवावी अशी कोणती गोष्ट मोठ्या माणसाला सांगायची असते? पोराला एवढेच सांगावे, कोणी 'घरी सांगू नकोस' म्हटले की ती गोष्ट आधी घरी सांगायची. तू ओरडा खाणार नाहीस. आणि मग खरोखरच ओरडायचे नाही, हे आईबापांनी पाळायचे. हल्ली मोबाइलमध्ये न दिसणारे अनोळखी लोक पोरांशी बोलतात, तिथेही हेच लागू.

एक नाजूक गोष्ट आहे, पण टाळता येत नाही. ठिकठिकाणी वारकरी शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. आठ-दहा वर्षांची मुले घरापासून दूर राहून मृदंग, गायन, गाथा, ज्ञानेश्वरी शिकतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत संस्था काढली तेव्हापासून या शिक्षणाने संप्रदायाला केवढे तरी कीर्तनकार दिले. म्हणूनच, जिव्हाळ्यापोटी, बोलतो. मूल ठेवताना पालकांनी विचारावे: रात्री मुलांच्या खोलीत कोण झोपते? मूल आमच्याशी एकटे, कोणी ऐकत नसताना, कधी बोलू शकेल? आम्ही न कळवता भेटायला आलो तर चालेल का? चांगला संस्थाचालक या प्रश्नांनी दुखावत नाही. दुखावला तर मूल घेऊन परत यावे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला लोक पॉक्सो म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचा मुलगा असो की मुलगी, दोघांनाही तो लागू. असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणे हाच त्यात गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे असे कृत्य दडवले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. 'संस्थेचे नाव जाईल' म्हणून बैठकीत मिटवून टाकणे याला सेवा म्हणता येत नाही.

याउलटची चूकही होते, तिचेही सांगितले पाहिजे. वर्तमानपत्रात काही वाचले की बाप मुलीची शाळा बंद करतो. क्लासला नको, मैत्रिणीकडे नको, दारातही उभी राहू नकोस. हा पुन्हा मार्जारन्याय. पोर आठवड्याभर सुरक्षित राहील, जन्मभर नाही. आणि तिला शिकायला मिळेल ते एवढेच की जगात भय आहे. सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीचे गुण मोजले, त्यात पहिला गुण अभय. सत्य, दया, अहिंसा नंतर आल्या. भित्र्या माणसाला सत्यही बोलता येत नाही, म्हणून तो क्रम तसा असावा, असे आम्हाला वाटते. घरात कोंडून अभय कसे येईल?

नामदेवरायांच्या बालपणीची नैवेद्याची कथा सगळ्यांना ठाऊक. देव जेवला, हे आपण सांगतो. पण त्याआधी काय झाले ते पाहा. वडील दामाशेटी परगावी गेले होते. गोणाईने ताट वाढले आणि लहान नाम्याच्या हाती देऊन त्याला देवळात धाडले. हे काम त्याचे नव्हते, वडिलांचे होते. ताट सांडेल, पोर वाटेत खेळत बसेल, विधी येणार नाही, हे तिला समजत नसेल? तरी तिने धाडले. ज्या घरात पोराच्या हाती भरले ताट कधी दिलेच जात नाही, त्या घरात ही कथा सांगून उपयोग नाही. पाचव्या वर्षी देवळापर्यंत, दहाव्या वर्षी दुकानापर्यंत, मग तालुक्यापर्यंत. आणि सोळाव्या वर्षी तर जुने सुभाषितकार म्हणतात, मुलाशी मित्रासारखे वागावे. मुलींनाही हेच. आम्ही मुलगे आणि मुली असा भेद मुद्दाम केला नाही, कारण धोका दोघांनाही आहे आणि ताट दोघांच्याही हातात मावते.

ज्या दिंड्यांतून मुले चालतील त्यांच्या विणेकऱ्यांना एक विनंती. निघण्याच्या दिवशीच प्रत्येक मुलाकडून दिंडीचा क्रमांक, ती रथापुढची की रथामागची, विणेकऱ्याचे नाव आणि त्या रात्रीचा मुक्काम पाठ करून घ्यावा. हरिपाठाआधी रोज एकदा विचारावा, कारण मुक्काम रोज बदलतो. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद ही नावे पोरांना गाण्यासारखी पाठ होतात. घरचा फोन नंबर कागदावर लिहून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवावा. पोराचे नाव बाहेरून दिसेल असे कुठे लिहू नये, कारण नाव वाचून हाक मारणारा ओळखीचा वाटतो. चुकलेच तर चालत सुटू नये, आहे तिथेच थांबावे, आणि खाकी वेषातल्या माणसाला किंवा लेकरू कडेवर असलेल्या बाईला सांगावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आज देशभर चालतो, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत. पोराकडून तो चार वेळा म्हणवून घ्यावा. आणि आम्ही कीर्तनाला उभे असताना मांडवात एखादे पोर हरवले, तर आमच्याजवळ येऊन कानात सांगावे. अभंगाचे चरण तिथेच थांबवून आम्ही पुकारा करू.